कप्तानाचा ओंडका

गेल्या सहामाही परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याचे भाषांतर वाचून आम्हांस हसू आवरेना. मूळ उताऱ्यात, जहाजाचा कप्तान रोज रात्री आपल्या 'लॉग'मध्ये दिवसभराची हकीकत लिहीत असे, अशा अर्थाचे वाक्य होते. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले होते : 'कप्तान रोज रात्री आपल्या ओंडक्यावर लिहीत असे.' आम्ही त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली, समासात 'नोंदवही' असा शब्द लिहिला, एक गुण कापला. आणि एवढ्यावरही न थांबता दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्गात वाचून दाखविले. वर्ग पोटभर हसला. आम्ही नाव सांगितले नव्हते. परंतु मागल्या बाकावर एक मान खाली गेली, तेव्हा नाव सांगण्याची गरजच उरली नाही.

मधल्या सुटीत तो विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, कोशात लॉग म्हणजे ओंडका असेच पहिल्याने दिले आहे. मग वहीला ओंडका का म्हणतात?" त्याने विचारले. इंग्रजीत एका शब्दाचे अनेक अर्थ असतात व ते पाठच करावे लागतात, असे ठोकळेबाज उत्तर देऊन आम्ही त्याची बोळवण केली. तो गेला, पण प्रश्न मात्र दाराशीच उभा राहिला. खरोखर, वहीला ओंडका का म्हणावे? ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही त्याबद्दल आपण एक गुण कापला, ही गोष्ट मनाला लागली आणि आम्ही कोश व ग्रंथ उघडून बसलो. त्यातून जे हाती आले ते आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चारशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजातून अथांग समुद्रावर निघालेल्या खलाशापुढे मोठी अडचण ही असे की, आपण किती वेगाने चाललो आहोत हे त्याला कळावे कसे? रस्त्याने जाणाऱ्याला मैलाचे दगड दिसतात, आगगाडीत बसलेल्याला तारेचे खांब मोजता येतात. समुद्रावर चारी दिशांस पाणीच पाणी. यावर इंग्रज खलाशांनी जो उपाय काढला तो इतका साधा होता की तो ऐकून हसूच येते. लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून जहाजाच्या पिछाडीने पाण्यात टाकावयाचा. लाकूड पाण्यावर तरंगत जागच्या जागी राहते, जहाज पुढे जाते आणि दोरी सुटत जाते. ठराविक वेळात जितकी दोरी सुटली तितके जहाज पुढे गेले. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने इ. स. १५७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौकानयनावरील पुस्तकात या युक्तीचे वर्णन केले आहे. हा जो पाण्यात टाकावयाचा लाकडाचा तुकडा, तोच 'लॉग', म्हणजे अक्षरशः ओंडका!

पुढे या ओंडक्याला शहाणपणाचे रूप आले. गोल ओंडक्याऐवजी पाव वर्तुळाच्या आकाराची एक फळी घेऊ लागले. तिच्या गोल कडेला शिसे बसवीत, म्हणजे ती पाण्यात उभी राहते व सहजासहजी ओढली जात नाही. फळीच्या तिन्ही कोपऱ्यांना तीन दोऱ्या बांधून त्या मुख्य दोरीला जोडीत. त्यांपैकी एक नुसत्या खुंटीने अडकविलेली असे. मोजणी संपली की दोरीला हिसका द्यावयाचा. खुंटी निसटते, फळी आडवी होते आणि मुकाट्याने परत जहाजावर येते. पतंगाची कन्नी बांधलेल्या मुलांना ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही.

दोरी रिळावर गुंडाळलेली असे आणि तिच्यावर सारख्या अंतराने गाठी मारलेल्या असत. एक खलाशी रीळ डोक्यावर धरी, दुसरा दोरी सोडी, तिसरा वाळूचे घड्याळ उलटे करी. वाळू संपली की दोरी थांबवावयाची आणि हातातून किती गाठी गेल्या ते सांगावयाचे. पाच गाठी गेल्या, तर जहाज तासाला पाच सागरी मैल चालले आहे. गाठीला इंग्रजीत 'नॉट' म्हणतात. आजही जहाजांचा व विमानांचा वेग नॉटमध्ये सांगतात आणि समुद्रावरील वादळाच्या इशाऱ्यातही वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो. तो नॉट म्हणजे त्या दोरीवरची गाठ होय.

गाठींमधील अंतर कसे ठरवीत, हे त्रैराशिक ज्याला येते त्याला पाच ओळींत कळेल. पृथ्वीच्या अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर एक भाग म्हणजे एक सागरी मैल. इंग्रज तो ६०८० फूट धरीत. १९२९ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो १८५२ मीटर ठरविला. तासाचे सेकंद ३६००. वाळूचे घड्याळ २८ सेकंदांचे. म्हणजे ६०८० ला २८ ने गुणून ३६०० ने भागावयाचे. उत्तर सुमारे ४७ फूट ३ इंच. एवढ्या अंतरावर एकेक गाठ मारली की झाले. मग समुद्रावर गुणाकार नको की भागाकार नको. निरक्षर खलाशालाही गाठी मोजता येतात. शास्त्रज्ञाने एकदा किनाऱ्यावर बसून केलेले गणित दोरीत बांधून ठेवले आहे, असेच म्हणावयाचे.

आम्ही एवढे वाचून वर्गात सांगितले, तेव्हा ज्याचा गुण कापला होता त्यानेच, तापीवर जाऊन हे करून पाहू या, असा आग्रह धरला. बऱ्हाणपुरास समुद्र नाही. तापी मात्र आहे. एका रविवारी राजपुऱ्यातील व आसपासची मुले प्लायवुडची फळी, लोखंडाची पट्टी आणि गाठी मारलेली सुतळी घेऊन घाटावर जमली. वाळूच्या घड्याळाच्या जागी अर्थातच मोबाइल होता. येथे आम्ही काठावर स्थिर आणि पाणी वाहते, म्हणजे जहाजाच्या उलट प्रकार. त्यामुळे आम्ही मोजला तो आमचा वेग नव्हे, तापीमाईचा. तीन गटांनी एकाच घाटावरून, एकाच दोरीने, अर्ध्या तासाच्या आत मोजणी केली. पहिल्या गटाची एक गाठही धड सुटली नाही. दुसऱ्याची एक सुटून वर हातभर दोरी गेली. तिसऱ्या गटाची फळी काठच्या भोवऱ्यात सापडली व दोरी परत त्यांच्याच पायांशी आली. मग तिन्ही गटांत जो वाद जुंपला त्याचे वर्णन येथे नको. आम्ही मात्र तो वाद ऐकून मनात चरकलो, कारण नेमका असाच वाद जहाजांवर झाला असता काय होते, ते आम्ही नुकतेच वाचले होते.

ओंडका पाण्यातील वेग सांगतो. खुद्द पाणी कोठे चालले आहे हे तो सांगत नाही. पुरात वाहणाऱ्या केळीच्या खांबाच्या शेजारून नाव जात असेल, तर खांब व नाव दोन्ही प्रवाहाबरोबर वाहत असतात. नावाड्याला वाटते आपण खांबाच्या फार पुढे आलो नाही, आणि इकडे गाव मागे पडलेले असते. समुद्रातील प्रवाहांची अशीच फसवणूक होई. त्यात भर गाठींची. पूर्वीचे इंग्रज खलाशी सागरी मैल ५००० फुटांचाच समजत. अर्ध्या मिनिटाच्या घड्याळासाठी ते सात वावांवर, म्हणजे ४२ फुटांवर, एकेक गाठ मारीत. रिचर्ड नॉर्वुड नावाच्या गणितज्ञाने लंडनपासून यॉर्कपर्यंतचे अंतर पायांनी व साखळीने मोजून, शिवाय दोन्ही ठिकाणी सूर्याची उंची घेऊन, इ. स. १६३७ मध्ये दाखवून दिले की सागरी मैल ६००० फुटांहूनही मोठा आहे, म्हणजे गाठी जवळजवळ पन्नास फुटांवर हव्यात. खलाशांनी हे ऐकले काय? पुष्कळांनी ऐकले नाही. जुन्या दोरीवर पाच मैलांच्या चालीला सहा गाठी सुटत. त्यामुळे जमीन प्रत्यक्ष येण्याआधीच आली असे वाटे आणि मनुष्य सावध राही, असा त्यांचा युक्तिवाद होता. चुकीचे माप सुरक्षित म्हणून जपणारी माणसे सर्वच धंद्यांत असतात.

इ. स. १७०७ च्या ऑक्टोबरात ॲडमिरल सर क्लाउड्स्ली शोव्हेल यांचे आरमार जिब्राल्टरहून इंग्लंडला परतत होते. हवा खराब, आकाश झाकलेले. आपण इंग्लिश खाडीच्या मोकळ्या तोंडाशी आहोत अशा समजुतीने आरमार पुढे चालले आणि रात्रीच्या अंधारात सिली बेटांच्या खडकांवर आदळले. चार जहाजे बुडाली. ॲडमिरलसह हजाराहून अधिक माणसे गेली. वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या दिवशी आपण कोठे आहोत याबद्दल जहाजाजहाजांत मेळ नव्हता असे दिसून आले. एकच समुद्र, एकच वारा, आणि प्रत्येकाच्या वहीत निराळी जागा. अशा अपघातांच्या धसक्यानेच इंग्लंडच्या संसदेने इ. स. १७१४ मध्ये समुद्रावर रेखांश काढण्याची खात्रीची रीत शोधणाऱ्यास मोठे बक्षीस लावणारा कायदा केला.

आता वहीकडे वळू. दर तासाला ओंडका टाकून आलेला आकडा लगेच वहीत लिहीत नसत. भर वाऱ्यापावसात डेकवर शाई कोठून आणावी? त्यासाठी बिजागऱ्या लावलेल्या काळ्या रंगाच्या लाकडी फळ्या असत. त्यांच्यावर खडूने तास, गाठी, दिशा, वारा असे रकाने भरीत. तिचे नाव 'लॉग-बोर्ड', म्हणजे ओंडक्याची फळी. पुढे तिच्या जागी दगडी पाटीही आली. दुपारी बारा वाजता फळीवरील मजकूर वहीत उतरून फळी पुसून टाकीत व नवा दिवस सुरू होई. ती वही म्हणजे 'लॉग-बुक', ओंडक्याची वही. बोलण्याच्या घाईत 'बुक' गळून पडले आणि वहीलाच 'लॉग' म्हणू लागले.

हे वाचले तेव्हा आम्ही क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. कप्तान ओंडक्यावर लिहीत असे, या ज्या वाक्यावर आम्ही साऱ्या वर्गास हसविले, ते लाकडी फळीवर खडूने लिहिणाऱ्या खलाशाने ऐकले असते, तर त्याला त्यात हसण्यासारखे काही फारसे सापडले नसते.

पाटी व वही यांतील एका दिवसाच्या अंतराचे उदाहरण म्हणून 'मेरी सेलेस्ट' या जहाजाची हकीकत सांगण्यासारखी आहे. १८७२ च्या डिसेंबरच्या प्रारंभी हे अमेरिकन जहाज अटलांटिक महासागरात शिडे अर्धवट उभारलेल्या स्थितीत भटकताना दुसऱ्या जहाजाला आढळले. आत कोणीही नव्हते. कप्तान, त्याची पत्नी, त्यांची लहानगी मुलगी व सात खलाशी, सारे नाहीसे झालेले. वहीतील अखेरची नोंद २४ नोव्हेंबरची होती. परंतु पाटीवर २५ नोव्हेंबरच्या सकाळी आठ वाजताची नोंद खडूने लिहिलेली होती आणि तीत अझोर्स बेटांपैकी सांता मारिया जवळ आल्याचे दिसत होते. ती वहीत उतरण्याची दुपार त्या जहाजावर आलीच नाही. त्या माणसांचे पुढे काय झाले हे कोणालाही कळले नाही. पण त्यांच्या हातचे अखेरचे अक्षर पाटीने दहा दिवस जपून ठेवले.

आता कोणी म्हणेल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. बऱ्हाणपुराशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तोही तापीच्याच वाटेने. इंग्रजांची जहाजे तापीच्या मुखाजवळ, सुरतेनजीक सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये 'लायन' जहाजाने तेथे उतरला आणि बादशहा जहांगीर अजमेरास असल्यामुळे तिकडे जाताना नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास आला. येथे त्याने दख्खनच्या सुभ्यावर असलेल्या शाहजादा परवीझची भेट घेतली. रोने ठेवलेली दैनंदिनी छापून प्रसिद्ध झालेली आहे आणि आपल्या शहराचे त्या वेळचे एक चित्र तीत सापडते. ओंडका टाकीत आणि गाठी मोजीत ज्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला, त्यांतून उतरलेली माणसे दोन महिन्यांच्या आत आमच्या वेशीतून आत आली होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांना प्रवासाची नोंदवही कंपनीला सादर करावी लागे. त्या हजारो वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या आहेत. ज्या व्यापारासाठी त्या लिहिल्या तो केव्हाच बुडाला, कंपनीही बुडाली; परंतु इ. स. १७८९ ते १८३४ या काळातील शेकडो वह्यांतून वायुभार व तपमान यांच्या नोंदी काढून आजचे हवामानशास्त्रज्ञ त्या काळचे हवामान ताडून पाहत आहेत. कोण्या अनामिक खलाशाने कर्तव्य म्हणून भर दुपारी लिहिलेला आकडा दोनशे वर्षांनी कामास येतो, याचे आम्हांस फार नवल वाटते. अर्थात तो आकडा त्या दुपारी लिहिलेला असला पाहिजे. महिनाअखेरीस एका बैठकीत लिहिलेला चालणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने व एकाच झोकात पूर्ण करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे उद्देशून नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

समुद्रावरून हा शब्द जमिनीवर आला आणि मग तो जेथे तेथे शिरला. सरकारी मोटारीत चालकापाशी जी वही असते, कोठून कोठे, किती किलोमीटर, किती इंधन, ती लॉगबुक. वैमानिक आपल्या उड्डाणाचे तास ज्या वहीत मांडतो तीही लॉगबुक. कूपनलिका खणताना किती खोलीवर माती, किती खोलीवर मुरूम, किती खोलीवर काळा खडक लागला याची जी नोंद ठेवतात, तिलाही भूगर्भशास्त्रात लॉग म्हणतात. समुद्र सोडून ओंडका पाताळात उतरला तो असा. खुद्द जहाजांवर आता लाकूड राहिले नाही. वेग विद्युत्-चुंबकीय किंवा ध्वनिलहरींच्या यंत्रांनी मोजतात. पण त्या यंत्राचे नाव मात्र अजून लॉगच आहे.

आणि संगणकाचे 'लॉग इन'? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६१ च्या सुमारास एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था सुरू झाली. कोण आला, केव्हा आला, त्याने यंत्राचा किती वेळ घेतला, याची नोंद होणे भाग होते. म्हणून काम सुरू करताना 'लॉगिन' ही आज्ञा द्यावी लागे. आत येऊन वहीत आपली नोंद करणे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन दूरच्या संगणकांमध्ये पहिला संदेश धाडला गेला, तो याच शब्दाचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ते जमले. आज इंटरनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महाजालाच्या आरंभी असा अर्धवट बुडालेला ओंडका आहे.

काही अर्थ मात्र वहीच्या वाटेने आलेले नाहीत. ते ओंडक्याच्या जडपणातून निघाले आहेत. गाढ झोपलेल्या मनुष्यास इंग्रज ओंडक्याची उपमा देतो. आपणही 'ओंडक्यासारखा पडला आहे' असे म्हणतोच. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत 'वॉटर लॉगिंग' हा शब्द येतो व आपण त्याला पाणी तुंबणे म्हणतो. हाही मूळचा जहाजावरचाच. पोटात इतके पाणी शिरले की जहाज सुकाणूला दाद देईनासे होते, नुसते ओंडक्यासारखे लाटांवर लोळत राहते, त्या अवस्थेचे हे नाव, असे कोशकार सांगतात.

येथवर सारे ओंडके एकाच झाडाचे. परंतु आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती जे 'लॉग टेबल' असते त्याचे काय? त्याचा या झाडाशी काडीचाही संबंध नाही. तो 'लॉगॅरिदम' या शब्दाचा तुकडा आहे. जॉन नेपियर या स्कॉटिश गणितज्ञाने इ. स. १६१४ मध्ये, म्हणजे रो आमच्या गावी येण्याच्या आदल्याच वर्षी, हा शब्द ग्रीक भाषेतील 'लोगोस' म्हणजे गुणोत्तर आणि 'अरिथ्मोस' म्हणजे संख्या यांवरून घडविला. लॉजिक आणि झूऑलॉजी हे त्याचे भाऊबंद. ओंडका हा केवळ नामसाधर्म्याचा शेजारी. गंमत अशी की हे दोन परके लॉग लवकरच एका खोलीत राहू लागले. ओंडक्याने मोजलेले अंतर आणि होकायंत्राची दिशा यांवरून जहाजाची जागा काढण्यास त्रिकोणमिती लागते, आणि ते गुणाकार सोपे करण्यासाठी खलाशी नेपियरच्या पद्धतीची कोष्टके वापरीत. कप्तानाच्या मेजावर एकीकडे ओंडक्याची वही आणि दुसरीकडे लॉगॅरिदमची कोष्टके, असे चित्र कित्येक पिढ्या दिसले.

असे जुळे दिसणारे पण निराळ्या घरचे शब्द आपल्याकडे का थोडे आहेत? शेतकऱ्याचा नांगर संस्कृत 'लाङ्गल' शब्दावरून आला. जहाजाचा नांगर मात्र फारसी 'लंगर' शब्दाचा नातलग मानतात. एक जमीन फाडतो, दुसरा समुद्राच्या तळाशी रुतून बसतो. पाहणाऱ्याला वाटावे की एकच वस्तू दोन ठिकाणी वापरली. आमच्या बऱ्हाणपुरात तर दोन भाषा एकाच गल्लीत राहतात. येथे हिंदीच्या तासाला बंदर झाडावर उड्या मारते आणि मराठीच्या तासाला तेच समुद्रकाठी जहाजांची वाट पाहत उभे असते. झाडावरचे बंदर 'वानर' शब्दातून उतरले, काठावरचे फारसीतून आले. आमच्या मुलांचा यात कधीही गोंधळ होत नाही. मुंबईच्या बंदरात बोटी लागल्या, हे वाक्य वाचून कोणी माकडाचे चित्र काढल्याचे आम्ही पाहिलेले नाही. शब्दाला घेरून बसलेले वाक्य त्याचा अर्थ सांगते, हे त्यांना न शिकविताच कळलेले असते. इंग्रजीच्या तासाला मात्र ती जाण दप्तरात राहते, कारण आम्हीच त्यांना शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या पाठ करावयास लाविल्या.

राहता राहिला तो कापलेला गुण. ओंडक्यावर लिहीत असे, हे मराठी म्हणून आजही आम्हांस मान्य नाही. वाचणाऱ्याला त्यातून नोंदवहीचा बोध होत नाही. तेव्हा पूर्ण गुण देणे शक्य नव्हते. परंतु ज्या चुकीत शब्दाचे मूळ जसेच्या तसे राहिले आहे, तिला शून्य देणेही न्यायाचे नव्हते. आम्ही अर्धा गुण परत दिला. जहाजाच्या वहीत कधी खाडाखोड करीत नाहीत, असे आम्ही वाचले होते. चुकीच्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ ओढावयाची, शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा आणि खाली आद्याक्षरे घालावयाची. आम्हीही त्याच रीतीने जुन्या आकड्यावर रेघ ओढली, नवा आकडा लिहिला, सही केली आणि ज्या वर्गापुढे ते वाक्य वाचले होते त्याच वर्गापुढे ही हकीकत सांगून उत्तरपत्रिका त्याच्या हाती दिली.

त्याने ती नीट पाहिली, बेरीज करून पाहिली आणि मग विचारले, "सर, तारीख आजचीच घातली आहे ना?"